खाणीतली रानडुकरीण

फोटोकाकांना कशाची भीती वाटत नाही, हे शोधूनच काढावं लागलं असतं. शिडीची वाटायची, गल्लीतल्या कुत्र्यांची वाटायची, रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टरांनी मध्येच 'हं' केलं की त्या 'हं'चीसुद्धा वाटायची. घरातला बल्ब गेला की स्टुलावर काकू चढायच्या आणि काका खाली स्टूल धरून डोळे मिटून उभे राहायचे. तुम्ही स्टुलाला आधार देताय की स्टूल तुम्हांला देतंय, ते एकदा ठरवा, असं काकू वरून म्हणायच्या.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गोल फिरणारं स्टूल, छत्रीचा दिवा, भिंतीवर आरसा आणि आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा. मागे रंगवलेला पडदा. त्यावर संगमरवरी जिना, जिन्याच्या पायथ्याशी तळं आणि तळ्यात मान वाकडी केलेले दोन हंस. गावातल्या निम्म्या लोकांच्या ओळखपत्रांवरचे चेहरे काकांनी टिपलेले. कॅमेऱ्याच्या मागे उभं राहिलं की मात्र त्यांची भीती कुठल्या कुठे जायची. समोर हवालदार असो की शाळेचा हेडमास्तर, काका बिनदिक्कत सांगायचे, 'हनुवटी वर, खांदे खाली, हलू नका.' त्यावरून पोरांनी त्यांचं नाव 'हलूनका' ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

मग घरोघरी, खिशोखिशी फोन आले आणि स्टुडिओत माशा मारायची वेळ आली. आज तिथे फोनची कव्हरं विकतात. काकांनी कॅमेरा, दिवा आणि पडदा घरी आणला आणि दुखणेकऱ्यासारखे मागच्या ओट्यावर बसून राहू लागले.

घर रांगेतलं शेवटचं. मागे अंगण, अंगणाला भिंत, भिंतीत पत्र्याचं फाटक. फाटकाच्या पलीकडे दगडाची जुनी खाण. खाण बंद पडल्यावर तिच्यात पाणी साचलं, कडेने काटेरी झुडपं माजली. पाण्याच्या कुठल्याशा योजनेसाठी आणलेले सिमेंटचे पाइप तिथेच गवतात पडून राहिले होते. रांगेतली माणसं खाणीकडे कचरा टाकायलासुद्धा जात नसत.

एका सकाळी कपड्यांच्या दोरीवर खंड्या येऊन बसला. निळाभोर, चोचीत मासा. तो मासा त्याने दोरीवर दोनदा आपटला आणि काकांकडे मान तिरकी करून पाहिलं. काकांनी आत जाऊन कॅमेरा आणला. इतकी वर्षं माणसं त्यांच्यासमोर पैसे देऊन, केस विंचरून, श्वास रोखून बसली होती. हा आपण होऊन आला होता आणि 'हलू नका' म्हणायच्या आत उडून गेला. फोटोत नुसतं शेपूट आलं. काका दिवसभर ते शेपूट काकूंना दाखवत फिरले.

त्या दिवसापासून दुखणं पळालं. आधी ओट्यावरून, मग गच्चीवरून आणि शेवटी जीव मुठीत धरून फाटकाबाहेरून ते फोटो काढू लागले. सातभाई पक्ष्यांचं भांडण काढलं, भिंतीवरून पिल्लांना रांगेने नेणारं मुंगूस काढलं. गवतात कान पाडून बसलेल्या सशाचा फोटो मिळाला तेव्हा त्यांनी दुसऱ्या गावी असलेल्या मुलाला फोन करून अर्धा तास वर्णन ऐकवलं. मुलाला वडिलांचा हा आवाज नवीन होता. त्याने लांब पल्ल्याची लेन्स पाठवून दिली.

खाणीच्या मातीच्या कड्यात खंड्यांच्या जोडीचं बीळ सापडलं, तेव्हा काकूंनी स्टुडिओच्या पडद्याचा एक छोटा तंबू शिवून दिला. मळकट पाठ बाहेर, चित्र आत. काका त्यात मोडकं स्टूल टाकून बसायचे. समोरच्या भोकातून लेन्स बाहेर आणि दोन्ही बाजूंना जिना, तळं नि हंस. काकू म्हणायच्या, राजवाड्यात चाललेत.

काकूंचा स्वभाव अगदी उलटा. तापात डावा कान गेलेला, उजव्याला जेमतेम ऐकू यायचं. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ते बहुतेक वेळ फ्रिजवर पडलेलं असायचं. पण दारात कोणी आडदांड आला, तर पुढे व्हायच्या त्याच.

पहिली खूण काकांना दिसली ती जमिनीवर. तंबूकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेची माती कोणीतरी नांगरल्यासारखी उलथी केली होती. मुळं वर आलेली, माती ओली. शेजारी टेम्पोवाला राहायचा, त्याला त्यांनी विचारलं. त्याने टेम्पोची काच पुसता पुसता, कुत्र्यांनी उकरलं असेल काका, असं सांगून टाकलं. काकांनी मान डोलावली. पण कुत्री इतकं उकरत नाहीत, हे त्यांच्या पोटात कुठेतरी कळलं होतं.

मग एका पाइपाच्या कडेला चिखल फासलेला दिसला, त्यांच्या मांडीच्या उंचीवर. चिखलात राठ, काळे केस चिकटले होते. काकांनी एक केस बोटांत धरला आणि लगेच टाकून हात पँटला पुसला. त्या दिवशी तंबूत त्यांचं लक्ष समोर कमी आणि पाठीमागे जास्त होतं. वाऱ्याने पडदा हलला तरी ते वळून बघायचे.

खरं काय ते फोटोनेच सांगितलं. सशाचा एक चांगला फोटो आला होता, तो ते मोठा करून बघत होते. सशाच्या मागे गवतात उभ्या सावल्या होत्या. त्यांतल्या काही सावल्या आडव्या होत्या. काकांनी आणखी मोठं केलं. आडव्या पट्ट्यांच्या पुढे एक ओलं नाक होतं. आणि त्याच्या मागे, गवतापेक्षा गडद असं काहीतरी, ज्याला सुरुवात होती पण फोटोच्या चौकटीत शेवट मावला नव्हता.

रानडुकराचं पिल्लू. पिल्लू होतं म्हणजे आई होती.

शहाणा माणूस त्याच दिवशी फाटकाला कुलूप लावून मोकळा झाला असता. काकांनी तसं केलं नाही, आणि काकूंनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकूंनी तंबूच उचलून आणला असता. खंड्याची पिल्लं आता बिळाच्या तोंडाशी येऊ लागली होती, आज ना उद्या बाहेर पडणार होती. रानडुकरं दिवसा झोपतात असं काकांनी कुठेतरी वाचलं होतं. त्या एका वाक्यावर भार टाकून त्यांनी स्वतःची समजूत घातली. भित्रा माणूस एखाद्या गोष्टीवर जीव लावून बसला की तो काय करेल याचा नेम नसतो.

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून ते निघाले. ऊन चांगलं वर आलं होतं. फोन जेवणाच्या टेबलावर राहिला, हे फाटकाबाहेर गेल्यावर लक्षात आलं, पण परत फिरलो तर पुन्हा बाहेर पडायचं धैर्य होणार नाही म्हणून ते तसेच गेले.

तंबूत बसल्यावर बराच वेळ काही झालं नाही. खंड्या मासा घेऊन आला. बिळाच्या तोंडाशी एक चोच दिसली, मग दुसरी. काका भान विसरून फोटो काढत राहिले. त्यामुळे मागची सळसळ त्यांना उशिरा ऐकू आली. आधी वास आला, ओल्या घोंगडीसारखा, उग्र. मग बारीक बारीक चिरकणं, अगदी जवळ. पडद्याची खालची कड उचलली गेली आणि रंगवलेल्या तळ्याच्या खालून एक पट्टेरी पिल्लू आत आलं.

काका दगड झाले. पिल्लाने स्टुलाचा पाय हुंगला, काकांचा बूट हुंगला. कॅमेऱ्याच्या पिशवीचा पट्टा खाली लोंबत होता, त्यात त्याने डोकं घातलं. डोकं मागे घेता येईना तसं ते घाबरलं, पिशवी ओढत गोल गोल धावलं आणि किंचाळलं.

काकांना एवढंच कळलं की आता आपल्याला मरायचं आहे.

बाहेर एक खोल हुंकार झाला आणि जमीन धपधपली. तंबूची एक बाजू आत आली. जिना उभा फाटला आणि त्या फटीतून काळं, केसाळ मुस्काट आत घुसलं. काका स्टुलासकट मागे कोसळले, कापडाखालून सरपटत बाहेर पडले. समोर पाइपाचं तोंड होतं. ते चार पायांवर त्यात शिरले. गळ्यातला कॅमेरा सिमेंटवर घासत, आपटत आला. पुढे अंधार होता आणि अंधाराच्या शेवटी दगड. पाइपाची पलीकडची बाजू खाणीच्या ढिगाऱ्यात गाडली गेली होती. काका कसेबसे आतल्या आत वळले, पाय पोटाशी घेऊन तोंडाकडे बघत बसले.

रानडुकरीण पाइपाच्या तोंडाशी आली. तिच्या डोक्याने सगळा उजेड अडला. तिचा श्वास पाइपात घुमत होता, दात कटाकट वाजत होते. तिने एकदा डोकं आत घातलं, खांदे कडेला अडकले, ती मागे सरली. बाहेर पिशवीच्या पट्ट्यात अडकलेलं पिल्लू सुटलं असावं, कारण किंचाळणं थांबलं. पण ती जाईना. पिल्लं पायांत घेऊन ती पाइपाच्या समोर उभी राहिली, जराशी आडवी, एक डोळा आत लावून.

आपल्याला लघवी झाली आहे हे काकांना नंतर कळलं. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आपण हललो नाही तर तीही हलत नाही. बसून राहिलो तर कदाचित जाईल. ते जवळजवळ श्वाससुद्धा घेईनासे झाले.

तेवढ्यात दूरवर पत्र्याचं फाटक वाजलं.

डुकरिणीच्या पाठीवरून त्यांना पायवाट दिसत होती. काकू येत होत्या. हातात काकांचा फोन. मुलाचा फोन आला असणार, दोनदा वाजला असणार, म्हणून द्यायला निघाल्या असणार. काटे टाळायला त्या खाली बघत चालल्या होत्या. डुकरिणीचा कान वळला. मग मान वळली.

काकांना ओरडायचं होतं. पण ओरडलो तर ती इकडे वळेल, हेही त्याच क्षणी त्यांना दिसलं. ती तिकडे वळली आहे, तर आपण वाचू. हा विचार त्यांनी केला नाही, तो आला. आणि तो आल्यावर काका गप्प राहिले. किती वेळ, ते कोण सांगणार? काकू तेवढ्या वेळात तीन-चार पावलं चालून पुढे आल्या.

मग काकांच्या तोंडून आवाज फुटला. शब्द नव्हते, नुसता घोगरा आवाज. काकूंना तो ऐकू गेला नाही. डुकरिणीला गेला. ती गर्रकन वळली आणि या वेळी खांदे तिरके करून आत घुसली. काका ओरडतच राहिले. आता थांबलो तर ही पुन्हा काकूंकडे जाईल, एवढं एकच डोक्यात होतं. पायाला काहीतरी लागलं, गरम वाटलं, दुखलं नाही. त्यांनी कॅमेरा पुढे धरला, हाताला सवयीने ठाऊक असलेला खटका दाबला आणि वरचा छोटा फ्लॅश उघडला. पक्षी बिचकतात म्हणून हा फ्लॅश त्यांनी खाणीत कधी वापरला नव्हता. पाइपात तो विजेसारखा फुटला. मग पुन्हा. मग पुन्हा. डुकरीण डोळे मिटून फुत्कारली, मागे गेली, पुन्हा आली.

आवाज ऐकू न आलेल्या काकूंना उजेड मात्र दिसला. भर उन्हात पाइपाच्या काळ्या तोंडातून पांढरा लखलखाट होतोय म्हणून त्या थांबल्या. आधी फाटका तंबू दिसला, मग पाइपातून बाहेर आलेला डुकरिणीचा मागचा भाग. काकू ओरडल्या नाहीत. पाठ न वळवता एक एक पाऊल मागे घेत त्या फाटकापर्यंत गेल्या आणि आत दिसेनाशा झाल्या.

काकांनी ते पाहिलं. त्यांना हायसं वाटलं आणि त्याच वेळी इतकं एकटं वाटलं की पुढचं त्यांना नीट आठवत नाही. टेम्पोवाल्याने भिंतीच्या कडेने टेम्पो खाणीत घातला होता, सगळ्या काटेरी झुडपांवरून, हॉर्नवर हात दाबून. तो हॉर्न त्यांना आठवतो. नंतर पाइपाच्या तोंडाशी नुसता उजेड होता आणि त्या उजेडात काकू वाकून हात पुढे करत होत्या. त्या काय बोलत होत्या ते काकांना कळेना. घरात ऐकू न येणारं माणूस त्या दिवशी बदललं होतं.

पोटरी उभी फाटली होती. टाके पडले, कुत्रा चावल्यावर देतात ती इंजेक्शनंही झाली. मुलगा धावत आला. वनखात्याचा माणूस येऊन गेला. त्याने माग पाहिला, डुकरीण पिल्लांना घेऊन नाल्याच्या पलीकडे गेल्याचं सांगितलं आणि पिल्लं असताना कोणी तिच्या वाटेला जाऊ नये असं बजावलं. रांगेतल्या लोकांना तिला मारून टाकायला हवं होतं. त्यावरून दोन-चार दिवस ओट्यांवर बोलणं चाललं, मग विषय मागे पडला. मुलाने कॅमेऱ्यातलं कार्ड संगणकात घातलं. खंड्याचे फोटो अप्रतिम होते. शेवटचे मात्र पांढरेफटक. एकात नुसता कान, एकात चिखल आणि राठ केस. मुलगा थोडा हिरमुसला. काका मात्र उठून खोलीतून बाहेर गेले.

जखम भरत आली, भीती ओसरेना. कुकरची वाफ सुटली तरी ते दचकायचे. दाराकडे पाठ करून बसणं बंद झालं. मुलगा परत गेल्यावर ते जवळजवळ बोलेनासे झाले. शेजारी येऊन कौतुक करायचे, काकूंना वाचवायला तुम्ही तिला अंगावर घेतलंत, आम्हांला वाटायचं तुम्ही भित्रे. ते ऐकलं की काका उठून संडासात जाऊन बसायचे. डुकरिणीची भीती त्यांना समजत होती. पण आपल्या आत जो गप्प बसला होता, त्याची त्यांना जास्त भीती वाटू लागली होती. आयुष्यभर सोबत राहिलेला हा माणूस कधी पुन्हा डोकं वर काढेल, काय सांगावं.

एका दुपारी काकू भाजी निवडत होत्या. काका त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसले. बराच वेळ देठ मोडत राहिले.

"मी लगेच ओरडलो नाही," ते म्हणाले.

काकूंनी यंत्र लावलेलं नव्हतं. काकांना तेच पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं, आणि हे फार अवघड होतं.

"तू येताना दिसलीस. ती तुझ्याकडे वळली. मी गप्प बसलो. मला वाटलं, मी वाचतो."

काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली. काकांना वाटलं, आता हे घर संपलं.

"फाटकातून आत आले ना," काकू म्हणाल्या, "तर मी कडी लावली."

"कसली कडी?"

"फाटकाची. आतून. लावली आणि कडीला धरून उभी राहिले. मग आठवलं, तुम्ही बाहेर आहात."

काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. स्टुलावर चढणारी, हवालदाराशी भांडणारी बाई. तिच्या ओठाचा कोपरा हलत होता.

"कोणाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "माझी बाहेर फार इज्जत आहे."

काका हसले की रडले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दोघांनी मिळून उरलेली भाजी निवडली. त्या रात्री ते मध्ये एकदाही न दचकता झोपले. पुढे दचकणं पुन्हा सुरू झालं, पण आता रात्री दचकून उठले की काकू विचारायच्या, आज कोण आलं, ती की तो? आणि काका खरं सांगायचे.

खंड्याची पिल्लं उडताना त्यांना पाहायला मिळाली नाहीत. त्याची रुखरुख राहिली. पाय धड झाल्यावर ते गच्चीवरून फोटो काढू लागले, नंतर ओट्यावरून. फाटकाबाहेर पाऊल टाकायला पुढचं वर्ष उजाडलं. तेही एकट्याने नाही. काकू बरोबर असतात, हातात काठी आणि कानात यंत्र, त्याने शिट्टी मारली तरी. भिंतीपासून थोड्याच अंतरावर दोघं एकमेकांकडे पाठ करून उभी राहतात. काकांचं तोंड पाण्याकडे, काकूंचं झुडपांकडे.

परवा मुंगूस आलं होतं, उन्हात दोन पायांवर उभं राहून इकडेतिकडे बघत. काकांचे हात कापत होते. अजूनही कापतात, त्यामुळे दहातले नऊ फोटो हललेले येतात. त्यांनी डोळा कॅमेऱ्यापासून न काढता विचारलं, "मागे काही आहे का गं?"

"अजून तरी नाही," काकू म्हणाल्या. "काढा लवकर."